निर्वासित मुलांना घर कोण देतो?

(वैशाख पौर्णिमेच्या सायंकाळी विहारात जमलेल्या नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेले भाषण. ज्यांना त्या दिवशी येता आले नाही, त्या वाचक बंधुभगिनींसाठी ते येथे देत आहोत.)



विनयपिटकात एक प्रसंग सांगितला आहे. एक भिक्षू अतिसाराने आजारी पडला होता. तो स्वतःच्याच मलमूत्रात लोळत होता आणि त्याच्याजवळ कोणीही नव्हते. भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन भिक्षूंच्या निवासाची पाहणी करीत असता त्यांच्या दृष्टीस तो पडला. त्यांनी आनंदाकडून पाणी आणविले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व एकाने पायांकडून धरून त्याला खाटेवर निजविले. नंतर त्यांनी भिक्षूंना एकत्र बोलावून विचारले, की तुम्ही याची शुश्रूषा का केली नाही? उत्तर मिळाले, की हा आमच्या कोणाच्या उपयोगी पडत नसे. त्यावर तथागतांनी जे समजाविले त्याचा आशय असा, की येथे तुमची आई नाही, तुमचा बाप नाही; तुम्हीच एकमेकांना सांभाळले नाही, तर तुम्हांला सांभाळणार कोण?

हा प्रसंग तुम्ही प्रवचनात पूर्वी ऐकला असेल. परंतु ज्याची आई नाही, ज्याचा बाप नाही आणि ज्याला गावही उरलेला नाही, असा माणूस सहा वर्षांचा असला तर काय करावे? तो आज कोणाच्याच उपयोगी पडणारा नाही. त्याला अन्न हवे, औषध हवे, पांघरूण हवे. आणि एवढे सगळे दिले तरी त्याचे भागत नाही. आज मी तुमच्यापुढे अशाच मुलांविषयी बोलणार आहे. ती मुले तिबेटातून आलेल्या निर्वासितांची. त्यांची कथा दुःखाची आहे, परंतु केवळ दुःख सांगण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. त्यांच्या समाजाने त्यांना पुन्हा उभे कसे केले, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

रस्त्याच्या कडेची मुले

१० मार्च १९५९ रोजी ल्हासा शहरात चिनी सत्तेविरुद्ध लोकांचा उठाव झाला. एका आठवड्यातच, १७ मार्चच्या रात्री, दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि महिन्याच्या अखेरीस ते भारताच्या हद्दीत पोहोचले. त्यांच्या मागोमाग सुमारे ८०,००० तिबेटी स्त्रीपुरुष हिमालय ओलांडून भारत, नेपाळ व भूतान या देशांत आले. भारतात आलेल्यांना आसामातील मिसामारी व बंगालमधील बक्सा येथील छावण्यांत प्रथम आसरा मिळाला. ही माणसे उंच, थंड व कोरड्या हवेत वाढलेली होती. भाजलेल्या जवाचे पीठ, लोणी आणि चहा हा त्यांचा आहार. मैदानातील दमट उन्हाळा, नवे पाणी आणि नवे अन्न त्यांना मुळीच सोसवले नाही. क्षयाने व पोटाच्या विकारांनी पुष्कळ माणसे दगावली.

सरकारने त्यांना काम दिले. हिमाचलच्या डोंगरांत रस्ते बांधण्याचे ते काम होते. मजुरी मिळत होती, हवाही थोडी थंड होती. परंतु खडी फोडणाऱ्या आईच्या पाठीवर किंवा रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या मुलाचे काय होते, हे तुमच्यापैकी ज्या मातांनी दगडखाणीवर, बांधकामावर अथवा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली आहे, त्यांना मी सांगावयास नको. वर सुरुंग, खाली दरी, डोक्यावर फाटका तंबू. आईबाप दोन्ही कामावर असत आणि तान्ही मुले थोरल्यांच्या ओटीत असत. आणि ती थोरली मुलेही सहा-सात वर्षांचीच असत. रस्ता पुढे सरकला की तंबूही पुढे सरके. अशा मुलाला शाळा कोठली आणि शेजार तरी कोठला?

एक्कावन्न मुले

१७ मे १९६० रोजी जम्मूकडील रस्त्याच्या छावण्यांतून ५१ मुले धरमशाला येथे आणण्यात आली. बहुतेक मुले आजारी व उपासमारीने खंगलेली होती. त्यांना सांभाळण्यास दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा पुढे झाल्या. त्यांच्याजवळ मोठा निधी नव्हता, शिकलेल्या परिचारिका नव्हत्या, पुरेशा खोल्याही नव्हत्या. होती ती एक जुनी वास्तू आणि मुलांना नाकारायचे नाही असा निश्चय. मुले येतच राहिली. खाटा पुरेनात, तेव्हा एका खाटेवर अनेक मुलांना आडवे निजवावे लागे. साथ आली की ती एकाकडून दुसऱ्याकडे पसरत जाई.

१९६४ मध्ये त्सेरिंग डोल्मा मृत्यू पावल्या. त्यांच्या धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा त्या वेळी अवघ्या चोवीस वर्षांच्या होत्या व परदेशातील शिक्षण संपवून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी ते काम हाती घेतले आणि २००६ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे, सांभाळले. त्या संस्थेला आज तिबेटी बालग्राम या नावाने ओळखतात.

मी ही नावे थोरामोठ्यांची स्तुती करण्यासाठी घेत नाही. दलाई लामांच्या भगिनी झाल्या म्हणून काही पन्नास मुलांचे शेंबूड पुसावे लागत नाहीत असे नाही. आरंभीचे ते काम रात्री उठण्याचे, ओली अंथरुणे बदलण्याचे आणि तापलेल्या कपाळावर हात ठेवून बसण्याचे होते. तथागतांनी त्या भिक्षूसाठी जे केले, तेच हे काम होय.

अनाथालय आणि घर

परंतु येथे एक अडचण उभी राहिली आणि तिचा विचार त्या लोकांनी ज्या प्रकारे केला, तो आपण लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. मूल जगले, त्याचा ताप उतरला, वजन वाढले. आता पुढे काय? शंभर मुले एका दालनात निजतात, घंटा झाली की उठतात, घंटा झाली की जेवतात. त्यांना खावयास मिळते. परंतु आपण कोणाचे आहोत, याचे उत्तर मिळत नाही. रात्री घाबरून जागे झालेले मूल हाक कोणाला मारील? ‘अधीक्षक’ अशी हाक काही मूल मारीत नाही.

मसुरी येथे १९६२ मध्ये तिबेटी मुलांसाठी वेगळ्या पद्धतीची गृहे सुरू झाली. प्रत्येक घरात सुमारे २५ मुले आणि त्यांच्यासाठी पालक आई व पालक पिता, अशी ती योजना होती. हे काम रिंचेन डोल्मा तारिंग या बाईंनी चालविले. त्यांची स्वतःची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १९५९ च्या धामधुमीत त्यांना एकट्याने ल्हासातून निसटावे लागले. त्यांच्या मुली तिकडेच राहिल्या. पोटची मुले जिला मागे टाकून यावे लागले, तिने येथे शेकडो परक्या मुलांच्या पाठीवरून हात फिरविला. मी असे म्हणणार नाही की त्यामुळे तिचे दुःख नाहीसे झाले. आईचे असे दुःख नाहीसे होत नसते. परंतु तिने ते घट्ट धरून कोपऱ्यात बसण्याचे नाकारले, एवढे खचित.

धरमशाला येथेही पुढे मोठी दालने मोडून लहान घरे करण्यात आली. युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी ऑस्ट्रियात १९४९ मध्ये हेरमान ग्माइनर यांनी आरंभिलेल्या बालग्रामांची पद्धत त्यांनी स्वीकारली व त्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी १९७२ मध्ये संबंध जोडला. एका घरात तीसेक किंवा त्याहूनही अधिक मुले. मुलगे व मुली, मोठी व लहान एकत्र. आणि त्यांची एक पालक माता. मुले तिला ‘आमा-ला’ म्हणतात. तिबेटी भाषेत आईला हाक मारण्याचा तो आदराचा शब्द आहे. सख्खी भावंडे असतील तर त्यांना शक्य तो एकाच घरात ठेवतात. घरातील कामाच्या पाळ्या लावलेल्या असतात. कोणी भाजी चिरतो, कोणी भांडी घासतो, कोणी लहानग्याची वेणी घालतो. बारा वर्षांच्या मुलीकडे पाच वर्षांचे मूल सोपविले जाते. त्याचा हात धरून ती त्याला शाळेत नेते व आणते.

तुम्ही म्हणाल, पोरक्या मुलांकडून भांडी घासून घेणे ही कोणती दया? बंधूंनो, येथेच खरे मर्म आहे. ज्याच्याकडून सर्व काही हिरावले गेले, त्याला केवळ देत राहिले तर तो कायम घेणाराच राहतो. त्याच्या मनात एक गोष्ट हळूहळू घर करते, की मी कोणाच्या उपयोगाचा नाही. परंतु संध्याकाळी त्याची वाट पाहणारे एखादे लहान मूल असेल, त्याने भात चढविला नाही तर वीस जण उपाशी राहणार असतील, तर ते पोर स्वतःला निरुपयोगी समजू शकत नाही. त्याला घरात जागा मिळते, ती काम करणाऱ्याची जागा असते. बालग्रामाचे बोधवाक्य आहे की आधी दुसरा, मग मी. ज्यांच्याजवळ स्वतःचे म्हणण्यासारखे एक पांघरूणही नव्हते, त्या मुलांसाठी हे वाक्य निवडणे वरवर पाहता कठोर वाटेल. परंतु तेच औषध होते.

हेही सांगितले पाहिजे की एका बाईने तीस-पस्तीस मुलांना सांभाळणे हे पुरेसे नाही. आईचे लक्ष तितक्या ठिकाणी वाटले जाऊच शकत नाही, आणि काही मुले त्या गर्दीतही एकटी राहिली असतील. त्या लोकांनी जे होते त्यातून उभे केले. त्यात उणिवा आहेत म्हणून ते लहान ठरत नाही.

भाषा हेही घर

आता शाळेविषयी. दलाई लामांनी पंडित नेहरूंपुढे मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न मांडला, तेव्हा या मुलांसाठी वेगळ्या शाळा असाव्यात व त्यांचा खर्च भारत सरकारने सोसावा, हे नेहरूंनी मान्य केले. आपला इतिहास व संस्कृती मुलांना पक्की कळली पाहिजे आणि आधुनिक जगाची विद्याही आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मसुरी येथे ३ मार्च १९६० रोजी ५० विद्यार्थ्यांची पहिली शाळा उघडली. १९६१ मध्ये शिक्षण मंत्रालयाच्या अधीन एक स्वायत्त संस्था स्थापन होऊन निरनिराळ्या राज्यांत अशा शाळा निघाल्या. यजमान देशाने निर्वासितांच्या मुलांना त्यांच्याच भाषेसह शिकू द्यावे, ही गोष्ट जगात फार ठिकाणी घडत नाही. त्याचे श्रेय या देशाला दिलेच पाहिजे.

बालग्रामाच्या शाळांत प्राथमिक वर्गांचे विषय तिबेटी भाषेतून शिकविण्याची पद्धत पुढे दृढ झाली. वरच्या वर्गांत इंग्रजी येते, हिंदीही शिकवितात. त्यासाठी विज्ञान व गणित यांची तिबेटी पाठ्यपुस्तके तयार करावी लागली. पुष्कळांनी विचारले असेल, की ज्या भाषेत नोकरी मिळत नाही ती मुलांना कशासाठी? याचे उत्तर मी एका वेगळ्या उदाहरणाने देतो.

१९६१ ते १९६४ या काळात सुमारे १६० तिबेटी बालके स्वित्झर्लंडमधील कुटुंबांत वाढविण्यासाठी पाठविण्यात आली. ज्यांनी त्यांना घेतले ती माणसे दुष्ट नव्हती. स्वच्छ घर, पोटभर दूध, उत्तम शाळा आणि पुष्कळ ठिकाणी मनापासूनचे प्रेमही त्यांना मिळाले. परंतु त्यांतील पुष्कळ मुलांची आई किंवा वडील किंवा दोघेही हयात होते. मुले एकेकटी वेगवेगळ्या गावांत वाढली. काही वर्षांनी त्यांच्यापैकी काहींची जन्मदात्या आईशी भेट झाली, तेव्हा दोघांना समजेल अशी एकही भाषा त्यांच्यात उरली नव्हती. आई समोर बसली आहे आणि तिच्याशी बोलण्यास दुभाषी लागतो! त्यांच्यापैकी काहींनी मोठेपणी आपली व्यथा उघडपणे सांगितली आहे. आपण नेमके कोण, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर छळत राहिला.

त्याच स्वित्झर्लंडमध्ये रिकॉन नावाच्या गावी भांड्यांचा एक कारखाना आहे. तेथील मालकांनी १९६४ पासून तिबेटी निर्वासितांना सहकुटुंब आणून कामावर घेतले. थोड्याच काळात त्यांच्या ध्यानात आले, की या माणसांना मजुरी व घर देऊन भागत नाही. त्यांना आपली माणसे, आपले भिक्षू आणि आपले सण हवे आहेत. म्हणून १९६७ मध्ये तेथे एक बौद्ध संस्था स्थापन झाली. देश तोच, दयाही तीच. परंतु एका ठिकाणी मूल समाजातून वेगळे काढले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी समाजासकट ठेवले गेले. मला जे सांगावयाचे आहे ते या दोन चित्रांत सामावले आहे. सुखाच्या घरात एकटे वाढलेले मूल आपले गमावलेले जग पुन्हा उभारू शकत नाही. त्यासाठी आजूबाजूला आपली चार माणसे लागतात.

वसाहतीचे बळ

ही चार माणसे कोठून आली? ती वसाहतींतून आली. तत्कालीन म्हैसूर राज्याने बैलकुप्पे येथे सुमारे ३,००० एकर जंगल तिबेट्यांना दिले आणि १९६० च्या अखेरीस पहिली तुकडी तेथे पोहोचली. झाडे तोडून जमीन नांगरणीस आणावयाची होती. उन्हाने माणसे कोसळत, रानहत्ती पिके व झोपड्या तुडवून जात. पहिली काही वर्षे अशीच गेली. पुढे मका आला, सहकारी संस्था आल्या, दवाखाना आला, विहार आले. रस्त्याच्या छावण्या मागे पडून गाव आले, आणि गाव आले म्हणजे मुलाला पत्ता मिळाला. त्याच बैलकुप्पेत जन्मलेले व तेथील शाळेत शिकलेले पेन्पा त्सेरिंग हे २०२१ मध्ये निर्वासित तिबेट्यांच्या मतांनी त्यांच्या प्रशासनाचे प्रमुख म्हणून निवडून आले.

अशी वसाहत आपल्या महाराष्ट्रातही आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तिबेटी कुटुंबे वसविण्यात आली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात मोडत असे. बर्फाच्या मुलुखातील ही माणसे विदर्भाच्या उन्हात राहिली. हिवाळ्यात तुमच्या शहरात रस्त्याच्या कडेला लोकरीच्या कपड्यांची दुकाने लागतात आणि तेथे तिबेटी बायका बसलेल्या दिसतात, त्यांच्याकडून तुम्ही कधीतरी स्वेटर घेतला असेल. तो माल पुष्कळदा लुधियान्याच्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर उचललेला असतो व हंगाम संपल्यावर फेडावयाचा असतो. त्या बाईचे मूल त्या वेळी कोठे असते? कोठल्या तरी वसाहतीत आजीजवळ किंवा वसतिगृहात. समाजाने मूल सांभाळले आहे म्हणूनच ती तीन-चार महिने आपल्या रस्त्यावर बसू शकते. आपण घेतलेल्या स्वेटरच्या पाठीमागे एवढी मोठी व्यवस्था उभी असते, हे आपल्या लक्षातही येत नाही.

या समाजाने सगळे काही बाहेरच्यांच्या मदतीवर सोडले नाही, हेही सांगतो. भारत सरकारची मदत होती, परदेशातील दात्यांनी एकेका मुलाचा खर्च उचलला, हे खरे. परंतु १९७२ पासून प्रत्येक तिबेट्याने दरवर्षी आपल्या प्रशासनाला ऐच्छिक वर्गणी द्यावी असा प्रघात त्यांनी पाडला. रस्त्यावर खडी फोडणाऱ्यानेही ती दिली. रक्कम लहान होती. परंतु आमची मुले आम्ही वाढवितो असे म्हणण्याचा हक्क त्या लहान रकमेने त्याला मिळवून दिला.

जी मुले एकटी आली

१९८० नंतर या कथेत आणखी एक अध्याय आला. तिबेटातील काही आईबापांनी आपली मुले एकटीच, वाटाड्याच्या हवाली करून, हिमालयापलीकडे धाडण्यास सुरुवात केली. तिकडे त्यांना आपली भाषा व आपला धम्म शिकता येईना, म्हणून. ५,७०० मीटरांहून उंच असलेल्या नांगपा ला खिंडीतून, रात्रीचा प्रवास करीत ही मुले नेपाळात उतरत. कित्येकांची बोटे बर्फाने काळी पडत व कापावी लागत. निरोप देणाऱ्या आईला ठाऊक असे, की कदाचित आता जन्मात भेट नाही.

ही मुले बालग्रामाच्या दारात उभी राहिली तेव्हा त्यांना आत घेणारे कोण होते? १९६० च्या दशकात स्वतः तशीच आलेली मुले आता शिक्षक, परिचारिका व व्यवस्थापक झाली होती. नव्या मुलाची रात्रीची किंकाळी त्यांना समजावून द्यावी लागत नव्हती. ज्याला आधार मिळाला तो पुढच्याचा आधार झाला, म्हणूनच ही साखळी तुटली नाही. २००८ नंतर सीमेवरील पहारा कडक झाला आणि येणाऱ्यांची संख्या फारच घटली. पुष्कळ तरुण आता पश्चिमेकडील देशांत जात आहेत. काही शाळांत मुले कमी पडू लागली आहेत. साठ वर्षांपूर्वी खाटा पुरत नव्हत्या, आज वर्ग भरत नाहीत, ही त्या समाजाची नवी चिंता आहे.

दया आणि हक्क

तुम्ही हक्कांसाठी झगडणारी माणसे आहात, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. समाज घर देऊ शकतो, भाषा देऊ शकतो, धीर देऊ शकतो. परंतु समाज नागरिकत्व देऊ शकत नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. तिबेटी निर्वासिताला नोंदणीचे प्रमाणपत्र मिळते व ते वेळोवेळी नवे करून घ्यावे लागते. वास्तविक आपल्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारताची नागरिक आहे. तरी तिबेटी तरुणांना तसे मानले जात नव्हते. डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका तिबेटी तरुणीच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा ही गोष्ट मान्य झाली. आणि २०१४ मध्ये अशा व्यक्तींची नावे मतदारयादीत घेण्याचा आदेश निवडणूक आयोगाने दिला. कायदा पुस्तकात असून उपयोग होत नाही, तो मागणारा माणूस लागतो. आणि मागण्याइतका ताठ कणा त्या तरुणीला घरातून व समाजातून मिळाला होता.

तिबेटचा प्रश्न आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना, तिबेटवरील चीनचा ताबा मान्य करण्याच्या धोरणावर कठोर टीका केली होती. पाच वर्षांनी काय झाले ते सर्वांनी पाहिले.

आपण काय करावे?

आता शेवटी तुमच्याविषयी. तुमच्या घरी धम्म नुकताच आला आहे. दीक्षा घेतल्यावर जुने देव गेले, जुन्या चालीरीती गेल्या, काही ठिकाणी जुने सोयरेही दुरावले. तुमची मुले विचारतात, की आता आपले कोण? निर्वासिताचे दुःख व तुमचे दुःख एक आहे असे मी म्हणत नाही. तुमच्या पायाखाली तुमचा देश आहे आणि तुमच्या हाती मत आहे. परंतु मुलाचा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे आणि त्याचे उत्तरही तेच आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरास वसतिगृह काढले, ते हेच जाणून. पुस्तक विकत घेता येते. परंतु ज्या मुलाला गावच्या शाळेत दूर बसविले, त्याला आपल्यासारख्या मुलांच्या पंगतीत बसून जेवता येणे, हे विकत मिळत नव्हते.

मनालीच्या परिसरात रस्त्यावर मजुरी करणाऱ्या तिबेटी दांपत्याचा एक मुलगा, तेन्झिन त्सुंद्यू, मुंबई विद्यापीठात एम. ए. शिकत होता. १९९९ मध्ये त्याला आपले पहिले पुस्तक छापावयाचे होते आणि पैसे नव्हते. मुंबईच्या वर्गमित्रांनी थोडे थोडे पैसे काढून दिले, त्यातून ते पुस्तक निघाले. आज तो लेखक म्हणून सर्वत्र ओळखला जातो. त्या वर्गमित्रांची नावे कोणी विचारीत नाही. त्यांनी मोठे काही केले असे त्यांना त्या दिवशी वाटलेही नसेल.

तेवढेच मी तुमच्याकडे मागतो. तुमच्या शहरात शिकण्यासाठी एखादा तिबेटी मुलगा वा मुलगी आली असेल, तर वैशाख पौर्णिमेला त्यांना जेवायला बोलवा; ती मुले आपल्यापेक्षा वेगळ्या परंपरेने वंदना म्हणतील, ती ऐका. हिवाळ्यात स्वेटर घेताना त्या बाईशी भाव करा, परंतु तिचे मूल कोणत्या इयत्तेत आहे हेही विचारा. आणि आपल्या वस्तीत एखादे मूल पोरके झाले, कामाच्या शोधात आईबाप दूर गेले म्हणून मागे राहिले, किंवा बहिष्काराच्या भीतीने गाव सोडून आले, तर त्याला कोठल्या तरी संस्थेच्या दारात सोडून मोकळे होऊ नका. त्याच्या भावंडांपासून त्याला तोडू नका. एका घरी ते जेवेल, दुसऱ्या घरी अभ्यास करील, तिसऱ्या घरची थोरली मुलगी त्याला शाळेत नेईल, असे सात-आठ घरांनी मिळून ठरवा. विहारातील दिवा संध्याकाळी दोन तास अधिक जळू द्या. आणि त्या मुलालाही काही काम द्या. त्याला सतरंज्या उचलू द्या, लहानग्यांना पाढे म्हणायला शिकवू द्या.

तथागतांनी भिक्षूंना विचारलेला प्रश्न आपल्या विहाराच्या दारातही उभा आहे. त्या आजारी भिक्षूच्या सोबत्यांना कोणी क्रूर म्हटले नसते. त्यांनी त्याला मारले नव्हते, हाकलले नव्हते. ते फक्त त्याच्या खोलीवरून पुढे निघून गेले होते. आज येथून घरी जाताना वाटेत कोणाची खोली लागते, ते पाहत जा.

जयभीम.